कॉफीगृहातला निबंध आणि मळ्यावरची कादंबरी

इंग्रजी निबंधाचा इतिहास शिकविताना आपण सारेच एक वाक्य हमखास उच्चारतो : नियतकालिक निबंध अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या कॉफीगृहांत जन्मला. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्याबद्दल त्यांना गुणही मिळतात. मराठीत हा समज बहुधा मेकॉलेच्या वाटेने आला असावा. त्याच्या इंग्लंडच्या इतिहासातील तिसऱ्या प्रकरणात १६८५ सालच्या देशस्थितीचे जे विस्तृत चित्र आहे, त्यात कॉफीगृहांना मोठे मानाचे स्थान आहे. आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ साली निघाली तेव्हापासून मेकॉले हा मराठी निबंधकारांच्या जवळचा लेखक राहिला. वाक्य चुकीचे नाही. मात्र ते उच्चारताना 'गृह' आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते, 'कॉफी' राहत नाही. पेल्यात जे होते ते कोठून आले, कोणी पिकविले, हा प्रश्न वाङ्मयाच्या तासाला विचारण्याजोगा आहे असे आपल्याला वाटत नाही. आम्हांला तो विचारण्याजोगा वाटू लागला, आणि त्याचे कारण वाङ्मयीनच आहे. कॉफीविषयीची सर्वांत जुनी महत्त्वाची कागदपत्रे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीच्या वाटाव्यात अशा माणसांच्या हातून गेलेली आहेत, आणि पेल्याच्या दुसऱ्या टोकाची हकीकत सांगणारी एक थोर कादंबरीही १८६० सालापासून उपलब्ध आहे.

आधी दंतकथांचा समाचार घेऊ. कॉफीविषयी नवलाच्या गोष्टींचा तुटवडा कधीच नव्हता. इथिओपियातील काल्दी नावाच्या गुराख्याच्या शेळ्या कसलीशी लाल फळे खाऊन नाचू लागल्या आणि त्यावरून कॉफीचा शोध लागला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. ही कथा छापील रूपात प्रथम भेटते ती १६७१ साली रोम येथे, फाउस्तुस नैरोन या मॅरोनाइट पंडिताच्या लॅटिन पुस्तिकेत; म्हणजे येमेनात कॉफीपान रूढ झाल्यावर दोनशे वर्षांनी. तेथे गुराख्याला नाव नाही. 'काल्दी' हे नाव त्याला फार पुढे चिकटले. पोप आठवा क्लेमेंट याने या 'सैतानाच्या पेया'ला बाप्तिस्मा देऊन ख्रिस्ती करून घेतले, ही दुसरी कथा. तिला समकालीन पुरावा नाही. ब्राझीलला कॉफी आणणाऱ्या पाल्हेता या अधिकाऱ्याची कथा तर थेट नाटकात शोभावी अशी आहे. फ्रेंच गियानाच्या गव्हर्नरपत्नीने १७२७ साली निरोपाच्या पुष्पगुच्छात लपवून त्याला रोपे दिली म्हणे. मार्तिनिक बेटावर रोप नेणाऱ्या द क्लिय या फ्रेंच दर्यावर्दी अधिकाऱ्याने जहाजावर पाण्याचा तुटवडा पडला असता आपल्या वाट्याचे पाणी रोपाला पाजले, ही हकीकत मात्र लेखी मिळते. ती १७७४ साली एका पॅरिसच्या वाङ्मयीन नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात आहे, आणि पत्राचा लेखक खुद्द द क्लिय आहे. घटनेनंतर पन्नास वर्षांनी नायकानेच लिहिलेली ही वीरगाथा किती जपून वाचावी, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांना आम्ही सांगायला नको.

आपल्याकडची कथा बाबा बुडण यांची. कर्नाटकात चिकमगळूरजवळच्या ज्या डोंगराला त्यांचे नाव आहे, तेथील गुहेत दत्तात्रेय आणि सूफी बाबा या दोघांची उपासना एकत्र चालत आली, म्हणून मराठी दत्तभक्तांनाही तो डोंगर परका नाही. अलीकडच्या दशकांत ते स्थान वादात सापडले, हे वेगळे. हजहून परतताना बाबांनी येमेनातून सात दाणे लपवून आणले आणि या डोंगरावर पेरले, अशी श्रद्धा आहे. सात या संख्येवर आम्ही हुज्जत घालणार नाही. परंतु या कथेच्या पाठीशी एक कोरडा कागदी पुरावा आहे आणि तो कथेहून अधिक चकित करणारा आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६९६ साली जावा बेटावर कॉफीची रोपे लावली ती मलबार किनाऱ्यावरून नेली होती. पुरात ती वाहून गेली, तेव्हा १६९९ साली पुन्हा नेली. म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण हिंदुस्थानात कॉफी वाढत होती, कोणीतरी ती तेथे आणलेली होती. जावातले रोप १७०६ साली आम्स्टरडॅमच्या वनस्पतिउद्यानात पोचले. त्याच्या वंशातले एक रोप १७१४ साली चौदाव्या लुईला नजर करण्यात आले. पॅरिसच्या राजोद्यानातील त्या झाडाची संतती मार्तिनिकला गेली, ती द क्लियने नेलेली. मलबार, जावा, आम्स्टरडॅम, पॅरिस, मार्तिनिक असा हा प्रवास आहे, आणि अमेरिका खंडातल्या कॉफीच्या एका फार मोठ्या शाखेचे मूळ असे आपल्या किनाऱ्यावरून गेलेले आहे.

या साऱ्या दंतकथा शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांचा साचा लक्षात येतो. एक चतुर किंवा पुण्यशील पुरुष, मूठभर दाणे, एखादी युक्ती. नंतरचे सारे जणू झाड आपल्या आपण करते. जमीन कोणी खणली, सावलीची झाडे कोणी राखली, फळे कोणी वेचली, याचा उल्लेखही नाही. वस्तुतः कॉफीइतके वेचणाऱ्या हातांवर अवलंबून असलेले पीक विरळा. एकाच फांदीवरची फळे एका वेळी पिकत नाहीत, म्हणून त्याच झाडापाशी पुनःपुन्हा यावे लागते. आणि पाच-सहा किलो ताजी फळे वेचावीत तेव्हा किलोभर हिरवा दाणा हाती लागतो.

दंतकथांकडून दस्तऐवजांकडे वळले की पहिले ठळक वर्ष येते ते १५११, आणि स्थळ मक्का. येमेनातल्या सूफी मंडळींनी पंधराव्या शतकात रात्रीच्या नामस्मरणासाठी जाग राहावी म्हणून कॉफी जवळ केली होती. अरबीत तिला 'कह्वा' म्हणू लागले, आणि हा शब्द पूर्वी मद्याला वापरला जाई. नावातच संशयाला जागा होती. (दाण्याचे अरबी नाव वेगळे, 'बुन्न'. जुन्या मराठी घरांत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत, तो शब्द तिकडचाच.) मक्केचा बाजार-अधिकारी खैर बेग याला एका रात्री मशिदीच्या परिसरात कंदिलाच्या उजेडात बसलेला एक घोळका दिसला. तो जवळ जाताच त्यांनी दिवे मालविले. चौकशीत कळले, की पेल्यातून फिरत होती ती कॉफी. दुसऱ्या दिवशी त्याने धर्मशास्त्री आणि वैद्य यांची सभा भरविली, कॉफीचे मोठे भांडे सभेपुढे ठेवले आणि हे पेय निषिद्ध ठरते की नाही असा रीतसर प्रश्न घातला. दोघा वैद्य बंधूंनी ते शरीराला अपायकारक असल्याची साक्ष दिली. एका गृहस्थाने उत्साहाच्या भरात सांगून टाकले, की हिच्याने दारूसारखीच नशा येते. तेव्हा दारूची नशा कशी असते हे आपणांस कसे ठाऊक, असा प्रश्न आला आणि साक्षीदारालाच मद्यपानाची शिक्षा भोगावी लागली, असे वर्णन आहे. सभेने बंदीचा कौल दिला, रस्त्यांत कॉफी जाळण्यात आली, विकणाऱ्यांना मार बसला. निकाल कैरोला गेला. तेथून ममलूक सुलतानाचे उत्तर आले ते खैर बेगच्या अपेक्षेहून सौम्य होते. रात्रीच्या गैरवर्तनी बैठकांना त्यात बंदी होती, पेयाला सरसकट नव्हती.

हा तपशील आपल्यापर्यंत आला कसा? अब्द अल-कादिर अल-जझीरी याने १५५८ च्या सुमारास कॉफी धर्मसंमत आहे असे सिद्ध करणारा एक ग्रंथ लिहिला, आणि प्रतिपक्षाचा बंदीहुकूम व सभेचा वृत्तान्त त्यात नोंदवून ठेवला. कॉफीच्या वाङ्मयाचा आरंभ असा एका बचावाच्या भाषणाने होतो. या ग्रंथाचे हस्तलिखित पुढे पॅरिसच्या राजग्रंथालयात आले. त्याच्या आधारे १६९९ साली कॉफीच्या उगमाविषयी फ्रेंच पुस्तक लिहिणारा पंडित होता आंत्वान गालां, ज्याने पाच वर्षांनी 'अरेबियन नाइट्स' फ्रेंचमध्ये आणण्यास आरंभ केला. शहरजादीच्या आधी युरोपला त्याने कॉफीची कज्जेदलाली वाचायला दिली, हा योगायोग आम्हांला फार मौजेचा वाटतो.

कैरोच्या उत्तरातला भेद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या तीन शतकांत राज्यकर्त्यांना कॉफीची भीती वाटली ती अशीच, पेल्याची कमी आणि बैठकीची अधिक. इस्तंबूलमध्ये १५५४-५५ च्या सुमारास अलेप्पो आणि दमास्कस येथून आलेल्या दोघांनी कॉफीगृहे काढली, असे इब्राहिम पेचेवी हा बखरकार लिहितो. तेथे बुद्धिबळे मांडली जात, कवी आपली नवी कविता ऐकवीत. १६३३ साली चौथ्या मुरादने ती बंद पाडली. इंग्लंडात दुसऱ्या चार्ल्सने २९ डिसेंबर १६७५ रोजी जाहीरनामा काढला, की १० जानेवारीपासून राज्यातली कॉफीगृहे बंद होतील, कारण तेथे सरकारविषयी खोट्या व बदनामीकारक बातम्या पिकतात. ओरड एवढी झाली, की मुदत भरण्यापूर्वीच, ८ जानेवारीला, माघार घ्यावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी 'कॉफीविरुद्ध स्त्रियांचा अर्ज' या नावाची एक पुस्तिका लंडनमध्ये निघाली होती. नवरे दिवसभर कॉफीगृहात बसून निकामी होतात, ही तिच्यातली तक्रार. ती स्त्रियांनी लिहिली असेल यावर आमचा विश्वास नाही. तिचा चावटपणा पुरुषी आहे. तरी ती जे गृहीत धरते ते खरेच होते. एका पेनीत कोणालाही खुले म्हणून गौरविलेल्या या जागी 'कोणालाही' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी 'कोणाही पुरुषाला' एवढाच होता. कॉफीगृहाची मालकीण किंवा वाढपीण स्त्री असू शके; वाद घालायला बसलेली नव्हे.

याच जागेत 'टॅटलर' जन्मला. १२ एप्रिल १७०९ च्या पहिल्याच अंकात स्टीलने मजकुराची वाटणी कॉफीगृहांवारी लावून टाकली. प्रेमप्रकरणे व करमणूक 'व्हाइट्स'मधून, कविता 'विल्स'मधून, विद्वत्ता 'ग्रीशियन'मधून, परदेशच्या व देशी वार्ता 'सेंट जेम्स'मधून. नियतकालिकातील सदर ही कल्पना येथे एखाद्या टेबलाच्या पत्त्यासारखी दिसते. दोन वर्षांनी 'स्पेक्टेटर' आला, आणि तत्त्वज्ञान अभ्यासिकेतून काढून चहाच्या व कॉफीच्या टेबलापाशी आणण्याची ॲडिसनची प्रतिज्ञाही. जर्मन विचारवंत हाबरमासने १९६२ साली याच जागेवरून 'लोकवृत्ता'चा सिद्धान्त उभारला. येथवर पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे ठरते. (जाता जाता एक गैरसमज खोडू. सिलोनमध्ये १८६९ साली कॉफीच्या पानांवर तांबेरा पडला आणि मळे बुडाले, म्हणून इंग्रज चहा पिऊ लागले, असे पुष्कळदा सांगतात. सिलोनचे मळे बुडाले आणि तेथे चहा लागला हे खरे. इंग्रज चहाचे झाले होते ते शंभर वर्षे आधीच.)

आता पेल्याकडे पाहू. ॲडिसनच्या पेल्यातली कॉफी गुलामांनी पिकविलेली नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. १७११ साली युरोपात येणारी बहुतेक सारी कॉफी येमेनची होती. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या वावरांतून छोटे शेतकरी ती काढीत. बैत-अल-फकीहच्या बाजारात ती विकली जाई आणि मोखासारख्या बंदरांतून बाहेर पडे. त्या व्यापारात गुजरातच्या वाण्यांची दलाली आणि सावकारी पसरलेली होती, आणि कॉफीच्या बदल्यात चांदीबरोबर हिंदुस्थानी कापडही तेथे उतरत असे. लंडनचे पहिले कॉफीगृह १६५२ साली काढणारा पास्का रोझे हा स्वतः एका व्यापाऱ्याचा नोकर होता, लेव्हांटमधून धन्याबरोबर आलेला.

कॉफीगृहात बोलणारा आणि ऐकणारा याखेरीज तिसरा एक माणूस नेहमी असतो : पेला आणून ठेवणारा. आपल्या देशात तो एकदा मालक झाला, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. कॉफीच्या प्रसारासाठी १९३६ पासून, मुंबईच्या चर्चगेटपासून आरंभ करून, सरकारी आश्रयाखाली 'इंडिया कॉफी हाउस'ची मालिका उघडण्यात आली होती. १९५० च्या दशकात ती बंद करण्याचे ठरले, तेव्हा कामावरून जाणाऱ्या वाढप्यांनी व आचाऱ्यांनी कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था स्थापिल्या, आणि १९५७ पासून 'इंडियन कॉफी हाउस' या नावाने ती चालविली. या टेबलांभोवती झालेल्या चर्चांच्या आठवणी भारतीय भाषांतील लेखकांनी पुष्कळ लिहिल्या आहेत. वाढप्यांनी लिहिलेल्या फारशा वाचनात येत नाहीत.

लंडनच्या त्या तिसऱ्या माणसाविषयी एक पुरावा तर अंगावर येणारा आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील वृत्तपत्रांत पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती येत. पोराचे वय, अंगावरचा कोट, गळ्यातल्या धातूच्या पट्ट्यावर कोरलेले नाव; आणि पकडून आणणाऱ्याने त्याला कोठे हजर करावे याचा पत्ता. तो पत्ता अनेकदा एखाद्या कॉफीगृहाचा असे. बक्षीसही तेथेच मिळे. १६८० च्या दशकाच्या अखेरीस एडवर्ड लॉइडने टॉवर स्ट्रीटवर काढलेल्या कॉफीगृहात जहाजमालक जमत, त्यातून सागरी विम्याची जगप्रसिद्ध संस्था उभी राहिली, आणि पुढे गुलाम वाहणारी जहाजेही तेथे विम्याला येत. तीच खोली, तेच टेबल. निबंधाचा अंक आणि पळालेल्या पोराची जाहिरात शेजारी शेजारी पडलेली असणार, हे केवळ कल्पनाविलास म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

कॉफी स्वतः गुलामांच्या हाती गेली ती १७२० नंतर, मार्तिनिकसारख्या फ्रेंच बेटांवर. त्या बेटांतले सॅं-दोमिंग, म्हणजे आजचे हैती, १७८० च्या दशकात जगाच्या बाजारातली सुमारे निम्मी कॉफी पुरवीत होते. तेथे गुलामांची संख्या पाच लाखांच्या आसपास गेली होती. पॅरिसच्या ज्या कॉफीगृहांत ज्ञानकोशकार स्वातंत्र्याची चर्चा करीत, त्यांचे पेले या बेटांवरून भरत. व्हॉल्टेअरला हे दिसत नव्हते असे नाही, परंतु किती दिसत होते हे 'काँदीद'मध्ये (१७५९) पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या प्रकरणात सुरिनामच्या रस्त्यावर हातपाय तोडलेला गुलाम भेटतो आणि युरोपात साखर खाल्ली जाते ती कोणत्या किमतीला, हे काँदीदला ऐकवितो. तो प्रसंग प्रत्येक संकलनात असतो. अखेरच्या तिसाव्या प्रकरणात, बाग कसण्याच्या त्या सुप्रसिद्ध उपदेशाच्या जरासे आधी, एक तुर्क शेतकरी पाहुण्यांना फळे, सरबते आणि मोखाची कॉफी देतो. तेथे लेखक सहज पुस्ती जोडतो, की तीत बटाव्हियाची व बेटांची वाईट कॉफी मिसळलेली नव्हती. साखरेच्या वेळी किंमत, कॉफीच्या वेळी चव! विनोद आहे, मान्य. पण 'बेटे' हा शब्द तेथे केवळ हलक्या प्रतीचे नाव बनून आला आहे, आणि आमच्या मते साऱ्या पुस्तकात व्हॉल्टेअरची नजर घसरली असेल तर ती येथे. हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटावर राहून आलेल्या बेर्नार्दँ द सँ-पिएरने १७७३ च्या आपल्या प्रवासवर्णनात मात्र कॉफी आणि साखर या दोन वनस्पतींना जगाच्या दोन खंडांच्या दुःखाचे कारण म्हणून स्पष्ट ठरविले होते.

ऑगस्ट १७९१ मध्ये सॅं-दोमिंगच्या गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली हैती स्वतंत्र झाले. या उठावाचा सेनानी टूसॅं लूव्हर्त्यूर. तो जन्माने गुलाम होता. मात्र स्वतः मुक्त झाल्यावर १७७९ च्या सुमारास त्याने एक लहानसा कॉफीमळा खंडाने घेतला होता आणि त्यावर डझनभर गुलाम होते, हे विसाव्या शतकात कागदपत्रांतून उघडकीस आले. चरित्रकारांना ते अवघड गेले. त्या समाजात मुक्त माणसाला वर चढायची जी शिडी उपलब्ध होती ती कॉफीचीच होती, एवढे त्यावरून कळते.

हैतीची जागा ब्राझीलने आणि जावाने घेतली. ब्राझीलने गुलामगिरी नष्ट केली ती १८८८ साली, अमेरिका खंडात सर्वांत शेवटी. तेथे पीक इतके वाढले, की १९३१ ते १९४४ या काळात भाव सावरण्यासाठी सरकारने साठ किलोंची सुमारे ७ कोटी ८० लाख पोती जाळून वा बुडवून नष्ट केली. जावात कायद्याने गुलाम नव्हते, शेतकरी होते. आणि त्यांनी सरकारसाठी काय पिकवावे हे सरकार ठरवी. १८३० साली डचांनी तेथे सक्तीच्या लागवडीची पद्धत बसविली. जावाचा शेतकरी सरकारने ठरविलेल्या भावाने सरकारला कॉफी घाली, आम्स्टरडॅममध्ये डच व्यापारी संस्था तिचा लिलाव करी, आणि लागवडीवर देखरेख करणाऱ्या युरोपीय व स्थानिक अधिकाऱ्यांना उत्पन्नावर टक्केवारी मिळे. या नफ्यातून नेदरलंड्सचे कर्ज फिटले, आगगाड्या आल्या. १८६३ साली सुरिनामची गुलामगिरी संपली तेव्हा भरपाईही याच नफ्यातून दिली गेली, अर्थात मळेवाल्यांना, गुलामांना नव्हे. आपल्या घरांत जायफळ घालून दुधात उकळलेली जी कॉफी करतात, तिची ही जोडी आम्हांला आता जरा अस्वस्थ करते. कारण जायफळाच्या बांडा बेटांवर १६२१ साली कत्तल करून मक्ता बसविणारेही हेच व्यापारी.

या पद्धतीतून ती कादंबरी निघाली. एडुआर्ड डाउवेस डेकर हा डच अधिकारी जानेवारी १८५६ मध्ये पश्चिम जावातील लेबाक जिल्ह्यात असिस्टंट रेसिडेंट म्हणून रुजू झाला. स्थानिक सरदार रयतेच्या म्हशी हिसकावतात, फुकट राबवून घेतात आणि वरिष्ठ डच अधिकारी काणाडोळा करतात, असा आरोप त्याने लेखी केला. पाठिंबा मिळाला नाही, तेव्हा तीन महिन्यांत राजीनामा दिला. १८५९ च्या शरद ऋतूत ब्रुसेल्समधील एका खाणावळीत, कफल्लक अवस्थेत, त्याने काही आठवड्यांत पुस्तक लिहून काढले : 'माक्स हाव्हेलार, अथवा डच व्यापारी संस्थेचे कॉफीचे लिलाव'. टोपणनाव घेतले 'मुल्तातुली'. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ 'मी फार सोसले'. प्रकाशनाची व्यवस्था पाहणाऱ्या फान लेनेप या साहित्यिकाने गावांची नावे व सालेच गाळून तेथे ठिपके घातले, म्हणजे कोणाला काही ओळखू येऊ नये.

या कादंबरीची रचना आजही वर्गात शिकविण्याजोगी आहे. ती सुरू होते ती हाव्हेलारपासून नव्हे, तर आम्स्टरडॅमच्या ड्रोखस्टोपल नावाच्या कॉफीदलालापासून. तो स्वतःचा पत्ता पुनःपुन्हा सांगतो. त्याला कविता आणि कादंबऱ्या यांचा तिटकारा आहे, कारण त्यांत खोटे असते. जुना एक शाळासोबती, अंगावर कोटाऐवजी शाल, त्याला हस्तलिखितांचे गाठोडे देऊन जातो. त्यात कॉफीविषयी उपयुक्त माहिती असल्याचे पाहून दलाल ते पुस्तकरूपाने काढायचे ठरवितो आणि लेखनाचे काम आपल्या पेढीवरच्या श्टेर्न या जर्मन तरुणाकडे देतो. झाले! दलालाला हवा असतो लिलावांवरचा ग्रंथ, आणि तरुणाच्या लेखणीतून उतरत राहते लेबाकची हकीकत. मधूनमधून ड्रोखस्टोपल येऊन कुरकुरतो, की यात कॉफी कोठे आहे? सैजा आणि अदिंदा यांची करुण कथा याच ओघात येते. सैजाच्या बापाची म्हैस सरदार हिसकावतो, घर उद्ध्वस्त होते, दोघे तरुण जीव शेवटी डच सैन्याच्या संगिनींना बळी पडतात. त्या कथेतही कॉफी नाही. अखेरच्या पानांवर मुल्तातुली स्वतः पुढे होतो, श्टेर्नच्या हातातली लेखणी काढून घेतो, दलालाला कॉफीत गुदमरून मर म्हणून पानावरून हाकलतो आणि थेट राजा तिसरा विल्यम याला उद्देशून बोलू लागतो. निवेदक बदलणे, पात्राला लेखकाने हुसकावणे, कागदपत्रे जशीच्या तशी घालणे, या साऱ्यांना आपण विसाव्या शतकाच्या खाती जमा करतो. मुल्तातुलीला ते करावे लागले ते दलालाच्या कानांवरून कथा पुढे न्यायची होती म्हणून.

१८६० हेच वर्ष दीनबंधु मित्रांच्या 'नीलदर्पण' या बंगाली नाटकाचे. पीक नीळ, मुलूख बंगाल, सक्ती तीच. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल १८६१ साली पाद्री जेम्स लाँग यांना महिनाभर तुरुंगात जावे लागले आणि हजार रुपये दंड झाला. मुल्तातुलीवर खटला झाला नाही. त्याच्या पुस्तकाची वाहवा झाली, आणि ती शैलीची वाहवा पाहून तो संतापला. त्याला पद परत हवे होते आणि जावाच्या रयतेला न्याय. दोन्ही मिळाले नाही. सक्तीची लागवड १८७० नंतर हळूहळू मोडीत निघाली. कॉफीवरची सक्ती सर्वांत शेवटपर्यंत, विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकली.

१९८८ साली नेदरलंड्समध्ये उत्पादकाला रास्त भाव देणाऱ्या कॉफीच्या पुड्यांवर एक शिक्का छापला जाऊ लागला. या स्वरूपाचा तो पहिलाच शिक्का, आणि पहिली कॉफी आली ती मेक्सिकोतल्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. शिक्क्याचे नाव 'माक्स हाव्हेलार'. हाव्हेलारचा लेबाक जिल्हा मात्र कॉफीचा नव्हे. तेथील जमीन तिला मानवत नाही, हे खुद्द कादंबरीतच आले आहे, आणि ड्रोखस्टोपलला त्याचा भारी राग आहे. त्याच्यापाशी उपायही आहे : जमीन जर कॉफीला योग्य नसेल, तर तेथली माणसे उचलून जेथे कॉफी येते तेथे नेऊन ठेवावीत.